गौरीभैयाचा हिशेब : ‘ट्वेल्थ फेल’ आणि रीस्टार्टची किंमत

‘ट्वेल्थ फेल’ तुम्ही पाहिला असेलच. २७ ऑक्टोबर २०२३ ला विधू विनोद चोप्रांचा हा हिंदी चित्रपट आला आणि कुठल्याही मोठ्या जाहिरातबाजीशिवाय चालला. अनुराग पाठक यांच्या पुस्तकावर तो बेतलेला आहे आणि पुस्तक मनोजकुमार शर्मा यांच्या आयुष्यावर. चंबळच्या खोऱ्यातला, मुरैना जिल्ह्यातला, बारावी नापास झालेला मुलगा आयपीएस होतो ही ती गोष्ट. शर्मा २००५ च्या तुकडीचे, तेही महाराष्ट्र केडरचे, त्यामुळे आपल्याकडे ही गोष्ट आणखी जवळची वाटली. पुढे ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान याला मिळाला आणि विक्रांत मॅसीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार शाहरुख खानसोबत विभागून मिळाला.

मी पीएचडीसाठी शिक्षण संपल्यापासून कामाला लागेपर्यंतच्या काळाचा अभ्यास करते. त्यामुळे हा चित्रपट माझ्यापुढे सारखा येतो. अभ्यासिकांमध्ये, हॉस्टेलवर, नातेवाइकांच्या घरी. ‘तो बघितलास का? मग पुन्हा एकदा दे परीक्षा,’ असं कुणीतरी कुणाला तरी सांगत असतं. एखादा चित्रपट आवडणं वेगळं आणि त्याच्या भरवशावर आयुष्याची आणखी दोन वर्षं पणाला लावणं वेगळं. म्हणून या लेखात चित्रपटाची समीक्षा करायची आहे, पण संशोधनाच्या चष्म्यातून. प्रश्न एवढाच : ही गोष्ट ज्या ‘रीस्टार्ट’ला डोक्यावर घेते, त्याची किंमत किती, आणि ती कोण भरतं?

आधी जे जमलंय त्याबद्दल

पहिला अर्धा तास मला पूर्ण चित्रपटात सगळ्यात मोलाचा वाटतो. गावातली शाळा मुलांना शिकवत नाही, पास करते. बारावीच्या परीक्षेला शिक्षकच फळ्यावर उत्तरं लिहून देतात. मग एक प्रामाणिक डीएसपी, दुष्यंत सिंह, येतो आणि कॉपी बंद पाडतो. निकाल काय लागणार? मनोज नापास.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. त्या वर्षी मनोज एकटा नापास होत नाही. ज्या वर्गाला कधी शिकवलंच नाही, तो वर्गच्या वर्ग आपटतो. शीर्षकातलं ‘फेल’ हे खरं तर शाळेचं आहे.

हे फक्त चंबळचं किंवा त्या काळाचं आहे असं समजू नका. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल तुम्हाला माहीत असेल. २०२३ साली त्यांनी २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयोगटातल्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी केली. साधारण चौथा हिस्सा मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नव्हता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं गणित ४३.३ टक्के मुलांनाच जमलं. आणि यातली बहुतेक मुलं शाळा-कॉलेजच्या पटावर होती! म्हणजे पट भरलेला, शिकणं मात्र अर्धवट. पास होणं आणि येणं यातली ही दरी चित्रपटाने अचूक पकडली आहे. एकही आकडा न सांगता.

दुसरी जमलेली गोष्ट म्हणजे भाषा. हिंदी माध्यमातून आलेल्या मुलाला दिल्लीत इंग्रजीची जी भीती वाटते, ती विनोदासाठी वापरलेली नाही. मुख्य परीक्षेत निबंध लिहिताना ‘टेररिझम’च्या जागी ‘टुरिझम’ वाचून मनोज भलत्याच विषयावर पानं भरतो, तेव्हा थिएटरमध्ये हसू येत नाही, पोटात गोळा येतो. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजी संदर्भग्रंथ चाळणाऱ्या कुणालाही तो गोळा ओळखीचा आहे.

पण पुढे एक घोळ होतो. मनोज दिल्लीला जातो आणि कॅमेराही त्याच्यासोबत जातो. वर्गातले बाकीचे नापास तिथेच राहतात. त्यांचं काय झालं हे चित्रपट पुन्हा कधीच विचारत नाही. पहिल्या अर्ध्या तासात जो प्रश्न शाळेचा होता, तो तिसाव्या मिनिटानंतर एका मुलाच्या जिद्दीचा होतो. माझी मुख्य तक्रार इथूनच सुरू होते.

उभे राहिलेले वाडे

पुण्याच्या पेठांमधून फिरताना एखादा शंभर-सव्वाशे वर्षांचा वाडा दिसतो. सागवानी खांब, जाड भिंती. सोबतचे काका लगेच म्हणतात, ‘पूर्वीचं बांधकामच भक्कम!’ काका विसरतात ते एवढंच की त्याच काळात बांधलेले जे वाडे कच्चे होते, ते कधीच पडले. त्यांच्या जागी आज सोसायट्या आहेत. आपल्याला फक्त टिकलेले दिसतात, आणि टिकलेल्यांवरून आपण सगळ्यांबद्दल मत बनवतो.

संख्याशास्त्रात याला ‘सर्वायव्हरशिप बायस’ म्हणतात. मराठीत ‘टिकलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष’ म्हणू. यशोगाथा नावाचा अख्खा प्रकार या पायावर उभा आहे. अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही दुकानात जा. गाइड्सच्या शेजारीच अधिकाऱ्यांची आत्मकथनं मांडलेली असतात. विश्वास नांगरे पाटलांचं ‘मन में है विश्वास’, राजेश पाटलांचं ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू!’. माणसं खरी, कष्ट खरे, लिहिलंय तेही मनापासून. त्यात खोट काढायची नाही. पण त्या फळीवर एक पुस्तक नाही : ‘मी सहा वेळा परीक्षा दिली आणि झालो नाही’. असं पुस्तक निघालं तरी गाइडच्या शेजारी कोण ठेवणार?

आता खरे आकडे बघू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षा २०२३ चे हे अधिकृत आकडे आहेत. अर्ज आले १०,१६,८५०. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले १४,६२४. मुलाखतीपर्यंत पोहोचले २,८५५. निवड झाली १,०१६ जणांची.

परीक्षेला बसलेल्या साधारण ५८३ जणांमागे एक. हे गुणोत्तर सगळे सांगतात. मला दुसरीच वजाबाकी जास्त महत्त्वाची वाटते. २,८५५ वजा १,०१६ म्हणजे १,८३९. लाखोंच्या गर्दीतून वाट काढून शेवटच्या दारापर्यंत पोहोचलेले आणि तिथून परत आलेले हे लोक, एकाच वर्षातले. निवड झालेल्यांपेक्षा हे संख्येने किती तरी जास्त आहेत. त्यांची बुद्धी कमी होती? जिद्द कमी होती? प्रामाणिकपणा कमी होता? त्यातल्या अनेकांची गोष्ट मुलाखतीच्या दारापर्यंत मनोजच्या गोष्टीसारखीच असणार. फरक फक्त शेवटच्या रीळाचा.

चित्रपटाचा कळस म्हणजे मुलाखतीचा प्रसंग. बारावी नापास असल्याचं मनोज लपवत नाही, सरळ उत्तरं देतो आणि निवडला जातो. प्रसंग म्हणून तो जबरदस्त आहे. पण त्यातून नकळत एक धडा दिला जातो : खरं बोललात, खचला नाहीत, तर दार उघडतं. मग ज्यांच्यासाठी उघडलं नाही, त्यांनी स्वतःबद्दल काय समजायचं? हा धडा जिंकलेल्याला गोड लागतो. हरलेल्याला तो शिव्या देतो, फक्त आवाज न चढवता.

सगळे टाचा उंचावून

‘पण मेहनत केली तर चान्स वाढतो ना?’ हा प्रश्न मला नेहमी येतो. एकाचा वाढतो. सगळ्यांनी केली तर सगळ्यांचा वाढत नाही.

फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली एक साधी गोष्ट मांडली होती. गर्दीत पुढचं दिसावं म्हणून एकाने टाचा उंचावल्या तर त्याला जास्त दिसतं. सगळ्यांनीच उंचावल्या तर कुणालाच जास्त दिसत नाही, पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. आपल्या जत्रेतल्या तमाशाचं किंवा विसर्जन मिरवणुकीचं चित्र डोळ्यांसमोर आणा, लगेच पटेल. जागा ठरलेल्या असल्या की तुमची मेहनत शेजाऱ्याच्या मेहनतीशी मोजली जाते. अभ्यासिका सकाळी आठऐवजी सहाला उघडली म्हणून पोस्ट वाढत नाहीत. कटऑफ वर सरकतो.

मनोज आटाचक्कीवर तासन्‌तास दळण दळतो आणि उरलेल्या वेळात अभ्यास करतो, हे बघून प्रत्येक प्रेक्षकाला वाटतं की मीही दोन तास कमी झोपायला हवं. ही प्रेरणा एकेकट्याला उपयोगी पडेल. सगळ्यांना एकाच वेळी दिली तर ती फक्त टाचा आणखी उंच करते.

भरती बंद झाली तेव्हा

चित्रपटात एक छोटीशी गोष्ट येते, तुमच्या लक्षात आहे का बघा. मनोजला मुळात दिल्लीला जायचंच नसतं. त्याला राज्याची परीक्षा देऊन दुष्यंत सिंहांसारखा डीएसपी व्हायचं असतं. त्यासाठी तो ग्वाल्हेरला येतो आणि तिथे कळतं की पुढची काही वर्षं त्या जागाच भरल्या जाणार नाहीत. मग प्रीतम पांडे भेटतो आणि त्याच्यासोबत मनोज दिल्लीला जातो. पटकथेसाठी हे एक वळण आहे, दोन मिनिटांत संपतं. माझ्यासारखीला तिथेच रिमोट हातात घेऊन थांबावंसं वाटतं. कारण भरती बंद झाल्यावर तरुण मुलं काय करतात, यावर एक फार चांगलं संशोधन आहे.

कुणाल मंगल या अर्थशास्त्रज्ञाने तमिळनाडूचा अभ्यास केला. २००१ ते २००६ या काळात तिथल्या सरकारने बहुतेक नोकरभरती गोठवली होती. साधा तर्क काय म्हणतो? जागाच नाहीत म्हटल्यावर मुलं तयारी सोडतील आणि दुसरं काम धरतील. झालं उलटं. पदवीधर तरुण मुलगे आणखी जास्त काळ बेरोजगार राहून तयारी करत राहिले. आणि त्याचा फटका पुढे अनेक वर्षं त्यांच्या कमाईत दिसत राहिला.

याला मूर्खपणा म्हणणं सोपं आहे. त्यांच्या जागी बसून बघा. तुम्ही तीन वर्षं घातली आहेत. आज सोडलं तर ती तीन वर्षं बाजारात कुणी विकत घेत नाही. इतिहास, राज्यव्यवस्था, चालू घडामोडी हे सगळं परीक्षेच्या बाहेर कुठल्या पगारात बसतं? उद्या अचानक जाहिरात निघाली तर जो तयारीत आहे त्यालाच फायदा. म्हणजे प्रत्येकाचं थांबणं त्याच्यापुरतं शहाणपणाचं आहे, आणि सगळ्यांचं मिळून नुकसानीचं.

मंगल यांनी आपल्या पुण्यात स्पर्धा परीक्षेची पूर्णवेळ तयारी करणाऱ्यांवरही काम केलं आहे. सरकारी नोकरीची नेमकी किंमत मुलांच्या डोक्यात किती आहे, हा त्यातला प्रश्न. उत्तराचा रोख असा की निव्वळ पगारातून या थांबण्याचा खुलासा होत नाही. त्या किमतीतला मोठा हिस्सा पगाराच्या बाहेरचा आहे. सुरक्षितता, मान, घरच्यांची झालेली सोय, लग्नाच्या बाजारात वाढलेला भाव. हे वाचून तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? बरोबर. पण यावरून एक गोष्ट नीट कळते : तयारी करणारा मुलगा ‘आळशी’ किंवा ‘स्वप्नाळू’ नसतो. खासगी नोकरीत मान आणि शाश्वती नाही, याचा तो हिशेबाने काढलेला निष्कर्ष असतो. तो हिशेब बदलायचा असेल तर मुलाला दोन भाषणं देऊन भागत नाही, खासगी नोकरी सुधारावी लागते.

चित्रपटात भरती बंद होणं हे नशिबाचं वळण आहे. प्रत्यक्षात तो सरकारी निर्णय असतो. पुण्यातल्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षा तोंडावर असताना पुढे ढकलली गेली आणि शास्त्री रस्ता मुलामुलींनी भरून गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये एकाच दिवशी दोन परीक्षा आल्या म्हणून पुन्हा तेच. पुढे ढकललेल्या परीक्षेचा प्रत्येक महिना म्हणजे खोलीचं भाडं, मेसचे पैसे, अभ्यासिकेची फी आणि घरून येणारा ‘मग आता कधी?’ हा फोन.

थांबण्याचं काम

मनोज शर्मा निवडले गेले साधारण त्याच काळात, दिल्लीजवळच्या मेरठमध्ये क्रेग जेफ्री हा भूगोलाचा अभ्यासक कॉलेजच्या मुलांमध्ये वावरत होता. त्यातून २०१० मध्ये त्याचं ‘टाइमपास’ हे पुस्तक आलं. शेतकरी घरातली, एकावर एक पदव्या घेत राहिलेली ही मुलं ‘काय करतोस?’ या प्रश्नाला ‘टाइमपास’ असं उत्तर द्यायची. जेफ्रीचं म्हणणं असं की हे थांबणं रिकामं नसतं. त्यात मैत्री होते, राजकारण होतं, माणसं एकमेकांना सांभाळतात. पण त्याचबरोबर ‘गाडी सुटली, आपण फलाटावरच राहिलो’ ही भावनाही घर करून बसते.

हे वाचल्यावर मला गौरीभैया वेगळा दिसायला लागला. चित्रपटातलं माझं सगळ्यात आवडतं पात्र. त्याचे प्रयत्न संपतात, निवड होत नाही, आणि तो मुखर्जीनगरात चहाची टपरी टाकतो. नाव : ‘रीस्टार्ट’. नव्या मुलांना फुकट मार्गदर्शन करतो, सापशिडीचं उदाहरण देऊन सांगतो की इथे घसरलं की थेट शून्यावर, तिथून पुन्हा सुरू. मनोजच्या शेवटच्या प्रयत्नात त्याला आपल्याकडे ठेवून घेणाराही तोच. हिंदी माध्यमातले किती जण बसतात आणि किती थोडे होतात, हा हिशेब चित्रपटात कुणी मांडत असेल तर तो गौरीभैया. पटकथेला सत्य माहीत आहे, तिने ते गौरीभैयाच्या तोंडी दिलंही आहे.

आणि तरीही गौरीभैयाला स्वतःची गोष्ट मिळत नाही. त्याचं घर कुठे, घरचे काय म्हणाले, टपरीतून किती सुटतात, चाळिशीत तो काय करणार आहे? काही नाही. तो शेवटपर्यंत दुसऱ्याच्या रीस्टार्टला चहा पाजतो. मनोजच्या निकालाच्या दिवशी त्याचा आनंद बघून आपण रडतो, पण तो आनंद आपल्याला एका प्रश्नातून सोडवतो. हरलेला माणूस इतका खूश आहे म्हटल्यावर हरण्यात फार काही गेलं नसावं, असं वाटून आपण मोकळे होतो.

‘अ‍ॅस्पिरंट्स’ ही २०२१ ची मालिका आठवते? ती दिल्लीच्याच राजिंदरनगरातली. तिथे न झालेल्या मित्रांना पुढचं आयुष्य मिळतं. एक शिकवायला लागतो, एक धंदा बघतो, आणि ‘प्लॅन बी’ हा शब्द उघडपणे उच्चारला जातो. चित्रपट म्हणून ‘ट्वेल्थ फेल’ सरस आहे, पण या एका बाबतीत मालिका जास्त धीट होती.

रीस्टार्ट कुणाला परवडतो?

आता किमतीच्या मुद्द्यावर येते. रीस्टार्ट हे बटण सगळ्यांच्या हाताशी सारखं नसतं.

मनोज गरीब आहे, यात शंका नाही. पण त्याच्या मागे काय आहे ते बघा. पेन्शन साठवून हातावर ठेवणारी आजी, घर ओढणारा भाऊ, ‘जा’ म्हणणारी आई. आजी जाते तेव्हा तो तिथे नसतो. भावाने या वर्षांत काय सोडलं, हे चित्रपटाला विचारावंसं वाटत नाही. एका मुलाचा रीस्टार्ट म्हणजे बहुतेक घरांत दुसऱ्या कुणाचा तरी पॉज असतो. धाकट्या बहिणीचं शिक्षण, भावाचं लग्न, एक एकर जमीन, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. ‘किती अटेम्प्ट झाले?’ असं आपण मुलाला विचारतो. घराला विचारत नाही.

मग मुली. २०२३ च्या १,०१६ मध्ये ३५२ मुली होत्या. चित्रपटातली श्रद्धा आधी राज्याची परीक्षा पास होऊन डेप्युटी कलेक्टर होते, खरं तर मनोजच्या आधी! पण तिचा अभ्यास आपण किती बघतो? ती बहुतेक वेळ मनोजच्या अभ्यासाची ताकद म्हणून पडद्यावर असते. आपल्याकडच्या किती मुलींना चार-चार वेळा शून्यापासून सुरू करायची मुभा मिळते? मुलाचा चौथा प्रयत्न ‘जिद्द’ असतो. मुलीच्या दुसऱ्या प्रयत्नालाच स्थळं बघायला सुरुवात होते.

आणि जात. या विषयावर चित्रपट गप्प आहे. मनोज ग्रंथालयात झाडलोट करतो, शौचालयं साफ करतो. प्रेक्षक हळहळतात : बघा, एवढ्या हुशार मुलाला हे करावं लागतंय. त्या हळहळण्यात एक गृहीत दडलंय, की हे काम ‘त्याचं’ नाही, तो तिथून वर जाणार आहे. ज्या घरांवर तेच काम पिढ्यान्‌पिढ्या लादलं गेलं, त्यांच्या मुलाच्या हातात तोच ब्रश दिला तर प्रेक्षकाला तेवढंच हळहळायला होईल का? अजंता सुब्रमण्यन यांचं ‘द कास्ट ऑफ मेरिट’ हे २०१९ चं पुस्तक मद्रास आयआयटीबद्दल आहे, पण त्याचा मुद्दा इथे चपखल बसतो. ज्यांच्या जातीची पुण्याई आधीच जमा आहे, त्यांचं यश निव्वळ ‘गुणवत्ता’ म्हणून दिसतं. बाकीच्यांच्या यशाला मात्र जातीचं लेबल लागतं. आज नियमाने खुल्या गटाला सहा प्रयत्न आणि ३२ वर्षांची मर्यादा आहे, इतर मागासवर्गाला नऊ प्रयत्न आणि ३५, अनुसूचित जाती-जमातींना ३७ वर्षांपर्यंत प्रयत्नांची मर्यादा नाही. कागदावर हे सवलतीसारखं दिसतं. पण नियम प्रयत्न देतो, त्या प्रयत्नाच्या काळातलं खोलीभाडं देत नाही.

मग पुढे काय होतं?

शेवटी सगळ्यांचं काहीतरी होतंच, असं आपण म्हणतो. आकडेही तेच सांगतात. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात २५ वर्षांखालच्या पदवीधरांमध्ये बेरोजगारी ४२ टक्क्यांहून जास्त होती. ३५ च्या पुढच्या पदवीधरांमध्ये ती ५ टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे कामाला सगळे लागतात. अहवालाचाच पुढचा प्रश्न असा आहे की कुठल्या कामाला लागतात? ते काम त्यांच्या शिक्षणाशी आणि इच्छेशी जुळतं का? या ‘लागतात’च्या मागे गौरीभैयाची टपरी आहे. आणि हेही लक्षात घ्या की पूर्णवेळ तयारी करणारा कितीदा तरी पाहणीत ‘विद्यार्थी’ म्हणून नोंदला जातो, म्हणजे बेरोजगारांच्या आकड्यातही तो नसतो. पडद्यावर नाही, आकड्यात नाही.

थोडीफार हालचाल होते आहे. मुलाखतीपर्यंत पोहोचून निवड न झालेल्या आणि संमती देणाऱ्या उमेदवारांची माहिती आयोग २०१८ पासून नोकरी देणाऱ्या संस्थांसाठी खुली करतो. आता त्याला ‘प्रतिभा सेतू’ असं नाव दिलं आहे. त्या १,८३९ जणांच्या दृष्टीने ही चांगली सोय आहे. पण पूर्वपरीक्षेतच अडकलेल्या पावणेसहा लाखांहून जास्त मुलांसाठी असा कुठलाच पूल नाही.

तुम्ही या चित्रपटाचं काय करावं?

बघा, जरूर बघा. विक्रांत मॅसीचं काम बघा, चोप्रांनी मुखर्जीनगर किती प्रेमाने उभं केलंय ते बघा. पण त्याला मार्गदर्शक समजू नका.

तुम्ही सध्या तयारी करत असाल तर पुढच्या रीस्टार्टआधी तीन गोष्टी कागदावर लिहा, असं मी सुचवेन. एक : या आधीच्या प्रयत्नात मी नेमक्या कुठल्या टप्प्यावर आणि किती गुणांनी थांबलो? ‘थोडक्यात गेलं’ हे उत्तर चालणार नाही, गुणपत्रिका काढा. दोन : या वर्षाचे पैसे कुठून येणार, आणि त्यासाठी घरात कुणाचं काय थांबणार? तीन : हे वर्ष परीक्षेच्या बाहेर कुठे उपयोगी पडेल? तिसऱ्याचं उत्तर कोरं राहिलं तर अभ्यासासोबत काहीतरी जोडा, शिकवणं असेल, भाषांतर असेल, हिशेबाचं काम असेल. सोडा किंवा सोडू नका, हे सांगणारी मी कोण? पण निर्णय चित्रपटाचं पार्श्वसंगीत कानात असताना घेऊ नका.

तुम्ही पालक असाल तर मुलाला ‘तो झाला, मग तू का नाही?’ हे विचारण्याआधी ५८३ हा आकडा आठवा.

आणि तुम्ही गावातल्या मंडळात, ग्रामपंचायतीत किंवा कॉलेजात कार्यक्रम ठरवणाऱ्यांपैकी असाल, तर एक विनंती. दरवर्षी निकाल लागला की निवड झालेल्याचा सत्कार होतो. बॅनर लागतो, गुलाल उधळतो, ‘यशाचा मंत्र’ विचारला जातो. व्हायलाच हवं, त्याने कमावलंय. फक्त त्याच मंचावर दुसरी एक खुर्ची ठेवा. मुलाखतीतून किंवा मुख्य परीक्षेतून परतलेल्या आणि आता दुसरं काहीतरी नीट करत असलेल्या मुलाला किंवा मुलीला तिथे बोलवा. तिला विचारा की कधी थांबायचं हे कसं ठरवलं, पहिलं काम कसं मिळालं, घरी काय सांगितलं. समोर बसलेल्या शंभर मुलांपैकी बहुतेकांना पुढे तीच माहिती लागणार आहे.